रिसर्चसाठी कोड लिहिणं हे करिअर होऊ शकतं का, की सरळ आयटीत जावं?

विचारणाऱ्या भावाने लिहिलंय की तो अमळनेरचा, एमएस्सी फिजिक्स झालंय, फोरट्रान आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या दोन्ही भाषा येतात, पीएचडीला सायंटिफिक कम्प्युटिंग, म्हणजे विज्ञानाची गणितं कोड लिहून सोडवणं, घ्यायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात कोडच लिहायचा तर पुण्याला कंपनीत जाऊन लिही. मी एरवी इथे फक्त वाचते, पण "कोडच लिहायचा तर" वाचलं आणि राहवलं नाही, कारण हे वाक्य मी माझ्या गाईडकडून ऐकलंय, मुलाखत घेणाऱ्या कमिटीकडून ऐकलंय आणि सख्ख्या मामाकडूनही ऐकलंय.

मी रावेर तालुक्यातली, घरी केळी, हतनूर धरणाचं बॅकवॉटर आमच्या शिवाराला लागून. पीएचडीला विषय घेतला तापी खोऱ्यातला पाऊस आणि नदीचा प्रवाह. गाईडनी पहिल्या दिवशी एक सीडी हातात दिली, म्हणाले यात मॉडेल आहे, तू फक्त चालव आणि नवीन निकाल काढ. मॉडेल म्हणजे फोरट्रानचा जुना कोड, ज्याने लिहिला तो सीनिअर कधीच निघून गेलेला, त्याचा नंबर कोणाकडे नाही, आणि कोड चालायचा फक्त लॅबच्या कोपऱ्यातल्या एका कम्प्युटरवर ज्याच्यावर "बंद करू नये" अशी चिठ्ठी चिकटवलेली. फाईलींचे पाथ कोडमध्येच लिहिलेले, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर तो नुसता सुरू व्हायलाच तीन आठवडे गेले.

आत पावसाचा डेटा हवामान खात्याचा, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींचा, दर वर्षाची एक बायनरी फाईल, रोजचे १३५ गुणिले १२९ आकडे. नदीच्या प्रवाहाचे आकडे केंद्रीय जल आयोगाच्या तापीवरच्या सावखेड्याच्या केंद्राचे. १९७१ ते २०१०. सीनिअरच्या थिसिसमधला मुख्य निष्कर्ष असा की खोऱ्यात पाऊस पडल्यावर सावखेड्याला पाणी पोचायला लागणारा वेळ वर्षागणिक वाढत गेलाय, आणि कारण दिलेलं धरणांचं. हतनूर झालं, वाघूर झालं, पाणी अडलं, म्हणून उशीर. वाचायला एकदम पटतं, त्यावर पेपरही आलेला. मलाही पटलं होतं, वर्षभर मी तेच पुढे रेटत होते.

मग एकदा मी तो उशीर वर्षावार काढून बघितला आणि ग्राफला पायऱ्या दिसल्या. चढ नव्हता, पायऱ्या होत्या, आणि दर चार वर्षांनी बरोबर एक दिवस. धरण काही दर चार वर्षांनी बांधत नाहीत. हे खटकलं पण नेमकं काय ते कळेना, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये तर मॉडेल सांगत होतं की पाऊस जुलैच्या शेवटी पडला आणि पूर दहा दिवसांनी आला. ऑगस्ट २००६, म्हणजे खाली सुरत पाण्यात गेली तो पूर. दिवाळीला घरी गेले तेव्हा आप्पांना सहज विचारलं, त्या साली पाऊस कधी झाला होता हो? आप्पा कॅलेंडरच्या चौकोनात सगळं लिहितात, पाऊस किती, मजूर कोण आले, केळी कधी कापली, आणि जुनी कॅलेंडरं टाकून देत नाहीत. पेटीतून २००६ चं काढलं. जुलैच्या शेवटच्या चौकोनात तसं काहीच नाही. ऑगस्ट सुरू झाल्यावर लागोपाठ "जोराचा पाऊस", आणि लगेच पुढच्या चौकोनात "पाणी बांधावर". आप्पा म्हणाले, बऱ्हाणपूरला पाणी वाढलं की आपल्याकडे यायला दहा दिवस लागतात असं कोण म्हणतं, दुसऱ्या दिवशी दारात असतं.

त्या रात्री लॅपटॉप उघडून बसले. कोडमध्ये दर वर्षाच्या फाईलमधून ३६५ दिवस वाचत होते. सगळ्या वर्षांना ३६५. लीप वर्षाचा शेवटचा दिवस गळत होता आणि पुढचं वर्ष त्याच्या मागे तसंच जोडलं जात होतं, इकडे प्रवाहाच्या आकड्यांना मात्र खऱ्या तारखा. १९७२ पासून २००४ पर्यंत नऊ लीप वर्षं, म्हणून २००६ चा पाऊस नऊ दिवस आधी सरकलेला. पहिली वर्षं बरोबर जुळायची म्हणून कोणाला शंका नाही, शेवटची जुळत नव्हती म्हणून त्याला धरणांचं कारण जोडलं. दुरुस्ती केली दोन ओळींची. उशीर गेला, पायऱ्या गेल्या, थिसिसचा मुख्य निष्कर्ष पण गेला.

मला वाटलं होतं गाईडना आनंद होईल. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं. पेपरची दुरुस्ती आजपर्यंत पाठवलेली नाही, मी दोनदा लिहून दिलं होतं. आणि मी पुढची दीड वर्षं तो कोड नीट केला, तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला टेस्ट, म्हणजे उत्तर बरोबर येतं का ते आपोआप तपासणारा कोड, लिहिल्या, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये टाकला, कसा चालवायचा ते मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहिलं, तर थिसिसमध्ये त्याला जागा मिळाली परिशिष्टात दोन पानं. हे कारकुनी काम आहे, यात संशोधन कुठाय, असं समोर बसवून सांगितलं. नंतर एका कॉलेजच्या मुलाखतीत पण तेच, पेपर किती ते मोजलं, कोडचं नाव काढलं तर एक सर म्हणाले हे कम्प्युटरवाल्याचं काम.

मी तेव्हा काही बोलले नाही, आता बोलते. संशोधनातला आकडा कोडमधून येतो. कोड चुकला तर आकडा चुकला, आकडा चुकला तर त्यावरचं सगळं पांडित्य चुकलं. मग कोड तपासणं हे संशोधन नाही तर काय आहे? प्रयोगशाळेत कोणी तराजू न तपासता वजनं लिहिली तर त्याला आपण हाकलून देऊ, आणि इथे तराजू तपासणाऱ्याला कारकून म्हणतात. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, घड कापला म्हणून पील उपटून टाकतं का कोणी? आमच्याकडे घड निघाला की खोड जातं पण एक पील, म्हणजे बुडाशी फुटलेला कोंब, राखतात, त्यावर पुढची पिलबाग उभी राहते. पीएचडीचा कोड म्हणजे घड कापून शेत तसंच सोडून देणं चाललंय सगळीकडे, पुढचा पोरगा येतो आणि परत पहिल्यापासून लागवड.

बाहेर हे लोकांना कळलंय. ब्रिटनमध्ये २०१० ला याच कामासाठी सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूट सुरू झाली, २०१२ ला तिथल्याच एका कार्यशाळेतून संशोधनाचा कोड लिहिणाऱ्या-सांभाळणाऱ्यांसाठी रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर हे नाव पुढे आलं, आता तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत अशा लोकांचे वेगळे ग्रुप आहेत. २०१६ पासून जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर निघतं, तिथे लेख छोटासाच, तपासतात तो कोड, टेस्ट आहेत का, दुसऱ्याला चालवता येतो का. माझा तोच कोड मी झेनोडो या साइटवर टाकला, युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेची आहे ती, २०१३ पासून, फुकट डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो, म्हणजे कोणी वापरला तर नाव घेऊन उल्लेख करू शकतो. आणि कृष्णविवराचं २०१९ मधलं चित्र सगळ्यांनी स्टेटसला ठेवलं होतं ना, त्याच्या मागे नमपाय आणि मॅटप्लॉटलिब ही पायथनमधली तयार कोडची पॅकेजं होती, यातलं मॅटप्लॉटलिब जॉन हंटर नावाच्या माणसाने मेंदूचा अभ्यास करताना स्वतःला ग्राफ काढायला लागतात म्हणून सुरू केलं होतं. तो २०१२ ला गेला, चित्र आलं त्याच्या सात वर्षांनी, आणि कोड चालू होता कारण मागे सांभाळणारे होते. त्यांनाही कोणीतरी कारकून म्हणालं असेलच.

आता तुझा प्रश्न. आपल्याकडे मशीनला पैसा आहे, २०१५ ला नॅशनल सुपरकम्प्युटिंग मिशन आलं, सीडॅक या सरकारी संस्थेची परम सुपरकम्प्युटर मशीनं बऱ्याच संस्थांत बसली, पण त्यावर चालणारा कोड सांभाळायला कायमची जागा क्वचित. पुण्यात सीडॅक, हवामानाची आयआयटीएम, खगोलशास्त्राची आयुका, जीएमआरटी रेडिओ दुर्बीणवाले एनसीआरए अशा ठिकाणी काम आहे, बरंचसं प्रोजेक्टवर, कॉन्ट्रॅक्टवर. मी स्वतः कॉन्ट्रॅक्टवर आहे, दर वेळी रिन्यू व्हायची वाट बघते. काम मात्र हेच करते, लोकांचे हवामानाचे आणि पाण्याचे कोड नीट करते.

पीएचडी घेशील तर गाईड निवडताना एकच प्रश्न विचार, तुमच्या आधीच्या विद्यार्थ्याचा कोड कुठाय आणि तो मला आज चालवून बघता येईल का. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरा गाईड बघ, कितीही मोठं नाव असू दे. आणि पहिल्या दिवसापासून गिट, कोड कोणी कसा वापरायचा ते सांगणारी लायसन्सची फाईल, आणि तारखांची टेस्ट. माझ्या कोडची पहिली टेस्ट आजही तीच आहे, १९७२, २०००, २००४ ला ३६६ दिवस वाचले पाहिजेत. २००० मुद्दाम घातलंय, शतकाचं वर्ष म्हणून लीप नाही असं समजणारे मी पाहिलेत.

एक-दोन गोष्टी राहिल्या. धरणांचा प्रवाहावर परिणाम होत नाही असं मी म्हणत नाहीये, होतो, हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की काय होतं ते आमच्या भागात शिकवावं लागत नाही. म्हणणं एवढंच की त्या थिसिसमधला परिणाम धरणाचा नव्हता. सीनिअरवर पण राग नाही, त्याला कोणी तपासायला शिकवलंच नव्हतं, राग त्यांच्यावर ज्यांना कळल्यावरही दुरुस्ती नको होती. आणि घरी कर्ज असेल, बहिणीचं लग्न असेल, तर आधी आयटीत जा, चार वर्षं कमव, टेस्ट लिहायची शिस्त तिथे फुकट शिकायला मिळते, मग ये. मामा तेवढ्यापुरता बरोबर होता.

गेल्या वर्षी नंदुरबारच्या एका मुलीचा मेल आला, तिने माझा कोड पांझरा नदीसाठी वापरला, काही न विचारता पहिल्याच दिवशी चालला म्हणाली, आणि एक बग पण सापडवून दिला. तो मी दुरुस्त करून तिचं नाव टाकलंय. तुला हात बसवायचा असेल तर तोच कोड घे. सावखेडा तुझ्याच तालुक्यात आहे, चोपड्याकडे जाताना पुलावरून तापी बघितलीच असशील. २०१० च्या पुढची वर्षं जोडायची राहिलीत, मेसेज कर, लिंक देते.