गॅलरीतले बगळे, कूलरची खोली आणि कढीपत्त्याची कुंडी
छंद आणि सराव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रोज सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावर फिरायला जातो. सहा महिन्यांपूर्वी १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली. बसलेला खंड्या छान येतो, पण उडणारा एकही पक्षी धड येत नाही. शटर १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग) ठेवतो. ट्रायपॉड घेऊ का?
— एक वाचक, प्रतापनगर

ट्रायपॉडचे पैसे सध्या वाचवा. आधी बिघडलेले दहा फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे करून बघा. सगळीच चौकट एका दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल, तर हात हललाय. डोळा स्वच्छ पण पंखांची टोकं पुसलेली असतील, तर शटर कमी पडलं. पक्षी मऊ आणि मागचं गवत धारदार असेल, तर फोकस चुकला. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि ट्रायपॉडने त्यातला फार तर पहिला सुटतो.

१/५०० उडत्या पक्ष्याला पुरत नाही. बगळ्यासारख्या संथ पंखांच्या पक्ष्याला १/१२५०, बदकांना १/२०००, वेडा राघू किंवा पाकोळीला १/३२००. थंडीत सकाळी सातला ६.३ च्या अॅपर्चरवर (लेन्सच्या झरोक्याचं माप) यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० किंवा त्याच्याही वर जाईल, जाऊ द्या. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही. लेन्समधला स्टॅबिलायझर तुमच्या हाताचं कंपन थोपवतो, पक्ष्याच्या पंखांचं नाही, हेही लक्षात असू द्या.

फोकस सततच्या मोडवर हवा (कॅनॉनवर सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी) आणि एका बिंदूऐवजी मधला छोटा गट निवडा. लेन्सवर अंतर मर्यादित करणारी खटकी असेल तर ती लांबच्या टप्प्यावर सरकवा, म्हणजे फोकस जवळच्या गवतापर्यंत जाऊन परत येण्यात वेळ घालवणार नाही. पक्षी शोधताना झूम ३०० वर ठेवा. चौकटीत आल्यावर ६०० करा. सुरुवातीपासून ६०० वर शोधणारा माणूस नुसतं आभाळ बघत बसतो.

आता पाय. पक्षी ज्या जागी टिपायचा आहे तिकडे पावलं आधीच रोखून उभे राहा आणि कमरेतून मागे वळून त्याला तिथून पकडा. वळण कमरेत उलगडत जातं आणि बटण दाबायच्या क्षणी शरीर मोकळं असतं. बहुतेक जण उलटं करतात: पक्ष्याकडे तोंड करून सुरुवात करतात आणि ऐन वेळी पिळलेल्या अवस्थेत अडकतात. बटण दाबल्यावरही लेन्स पक्ष्यासोबत फिरत राहू द्या.

हा सराव अंबाझरीवर करू नका, घरी करा. संध्याकाळी गायबगळे थव्याने आणि जवळपास ठरलेल्या वाटेने रात्रथाऱ्याला परततात. गच्चीवरून किंवा गॅलरीतून रोज पंधरा मिनिटं त्यांच्यावर लेन्स फिरवा. पहिला आठवडा बटण दाबूच नका. पक्षी मोजून पाच सेकंद मधल्या चौकोनात राहतो का, एवढंच बघा. महिन्याला एक ताडोबा करण्यापेक्षा ही पंधरा मिनिटं जास्त शिकवतात, असं आमचं स्पष्ट मत आहे. बांधावर मात्र सकाळीच जा: तेव्हा सूर्य पाठीशी असतो, संध्याकाळी तोच डोळ्यांत येतो.

प्रश्न : वय ५८. अर्धा तास कॅमेरा धरला की उजवा खांदा भरून येतो, हात थरथरतो. व्यायाम सुचवा.
— एक वाचक भगिनी, धरमपेठ

ताई, आधी धरण्याची पद्धत तपासा. मोठी लेन्स आणि कॅमेरा मिळून अडीच-पावणेतीन किलो होतात आणि हे वजन डाव्या हाताने पेलायचं असतं. लेन्सचा पाय (ट्रायपॉडला बसवायचा खालचा भाग) डाव्या तळहातात, तोल साधेल अशा जागी. डावं कोपर बरगड्यांना टेकलेलं. उजव्या हाताने फक्त बटणं. उजवा खांदा भरतो, याचा अर्थ वजन त्यावर येतंय. पक्षी नसताना कॅमेरा डोळ्याला लावून ठेवू नका. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा घ्या.

व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवस, एकाआड एक. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली घ्या, हात समोर खांद्याच्या उंचीवर, अंगठा वर; वीस सेकंद धरा, तीस सेकंद विश्रांती, प्रत्येक हाताने तीनदा. भिंतीवरचे जोर बाराच्या दोन फेऱ्या. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, कारण तळ्याकाठी बसून-उठून फोटो काढताना दमतात ते पाय. दोन आठवडे सहज जमलं की दीड लिटरची बाटली. सुरुवातीलाच दोन किलोचं डंबेल उचललं की खांदा आणखी दुखतो.

चढ चढून गेल्यावर लगेच फोटो घेऊ नका. छातीचे ठोके लेन्सपर्यंत पोचतात. दोन-तीन मिनिटं थांबा, श्वास सोडून संपत आला की हलकेच बटण दाबा. रात्री झोपेतही खांदा दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर बाटली ठेवून द्या आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मे महिन्यात गोरेवाडा तलावावर सकाळी नऊनंतरचे सगळे फोटो पाण्याखाली काढल्यासारखे येतात. लेन्स दुरुस्तीला दिली, दोष नाही म्हणतात.

ते बरोबर सांगतात. जमीन तापली की तिच्यावरच्या गरम आणि वरच्या थंड हवेचे थर एकमेकांत मिसळतात आणि प्रकाश त्यातून वाकडातिकडा येतो. खात्री करायची तर एकाच जागेवरून दहा मीटरवरची पाटी आणि शंभर मीटरवरची पाटी टिपा. जवळची स्वच्छ, लांबची विरघळलेली आली की दोष हवेचा. शटर वाढवून किंवा महागडी लेन्स घेऊन हे जात नाही. साडेआठच्या आत काम संपवा नाहीतर अंतर कमी करा. एसी लावलेल्या गाडीच्या खिडकीतून फोटो काढतानाही हेच होतं: आतली गार हवा नेमकी लेन्सपुढे बाहेरच्या झळांत मिसळते. आणि गंमत म्हणजे डिसेंबरच्या पहाटेही होतं, तळ्याचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं तेव्हा.

प्रश्न : पावसाळ्यात जपूनही लेन्सला फंगस लागला. कॅमेरा बेडरूमच्या कपाटात, चामड्याच्या बॅगेत असतो.

बेडरूममध्ये कूलर आहे का? नागपुरात संशयित म्हणून आम्ही आधी त्यालाच धरतो. बाहेर ४५ अंश आणि कोरडी ठणठणीत हवा, पण वाळ्याच्या ताट्यांतून आलेल्या हवेने खोलीतली आर्द्रता रात्रभर साठ-सत्तर टक्क्यांवर जाऊ शकते. म्हणजे लेन्सचा पावसाळा एप्रिलमध्येच सुरू होतो. चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून बॅग फक्त प्रवासाला.

रबराची कडा असलेला दहा लिटरचा हवाबंद डबा घ्या, तळाशी कापडी पुरचुंडीत २०० ग्रॅम सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये हवा. ३० च्या खाली गेला तर पुरचुंडी थोडी कमी करा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर, स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या कढईत परतून कोरडं करा. निळ्या दाण्यांत विषारी कोबाल्ट असतो. डांबराच्या गोळ्या किंवा कापूर आत टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते.

प्रश्न : पांढरा बगळा नुसता पांढरा ठिपका येतो.

काळ्या पाण्यापुढे असेल तर एक्स्पोजर (फोटोतला उजेड) उणे एक करा. पांढऱ्या आभाळापुढे काळा कोतवाल असेल तर अधिक एक.

प्रश्न : कॅमेरा नाही, फक्त मोबाईल. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. काय टिपू?
— कॉलेजची विद्यार्थिनी, मानेवाडा

कढीपत्त्याची एक कुंडी आणि त्यावर औषध न फवारण्याची शिस्त, एवढ्यावर वर्षभर काम पुरेल. लिंबाचं फुलपाखरू कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं अंडं एकेकटं घालतं. (त्यातून निघणारी अळी संत्र्याचीही कोवळी पानं खाते, म्हणून बागाइतदार तिच्यावर चिडून असतात.) तीन-चार दिवसांत अळी निघते, आधी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, शेवटच्या कातीनंतर हिरवी.

मोबाईल फार जवळ नेला की फोकस हरवतो. दहा सेंटिमीटरवर थांबा, पडद्यावर अळीच्या डोक्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस तिथे अडकून राहील, मग फोन केसभर पुढे-मागे करत आठ-दहा फोटो घ्या. सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरा. रोज त्याच वेळी, त्याच अंतरावरून एक फोटो घेतलात की तीन-चार आठवड्यांत पूर्ण मालिका जमते.

कोष झाला की घाई नको, आठ-दहा दिवस लागतात. तो गडद होऊन आतल्या पंखांची नक्षी दिसू लागली की बहुधा दुसऱ्या सकाळी फुलपाखरू बाहेर येतं. उजाडायच्या आधी फोन चार्ज करून ठेवा. कोष फुटून बाहेर यायला मिनिटभरच लागतं, पण पंख भरून ताठ व्हायला तासाहून जास्त वेळ जातो. तेवढा वेळ त्याला हात लावू नका आणि कुंडी आत आणली असेल तर पंखा बंद ठेवा.