पुढे ये, पण वेग वाढवू नकोस

सायकल शर्यतीत रांगेने जाताना पुढच्याच्या आडोशाला राहून वारा चुकवला की सपाटीवर ताकद साधारण 30 टक्के वाचते, म्हणूनच नुसतं मागे बसून राहणाऱ्यावर लोक खार खातात. तुझी पाळी आली की वारा झेलायला पुढे ये, पण आहे तोच वेग ठेव. नवीन पोरं नेमकी इथे चेकाळतात आणि मागची रांग तुटते. दम नसेल तर पुढे राहून दहाच सेकंद रांग ओढ, कोपर हलवून खूण कर आणि वारा येतो त्या बाजूला हो. मागे सरकताना शेवटचा गडी खांद्याशी आला की लगेच पेडलवर जोर दे, नाहीतर रांगेतून सुटलासच. पुढच्याच्या चाकाला आपलं चाक बाजूने भिडू देऊ नकोस. पडतो बहुतेक मागचाच. तुझा टीममेट सगळ्यांच्या पुढे निसटला असेल, तर मात्र खुशाल मागे बस, आपल्याच गड्याला पकडायला कशाला मदत करायची? तेव्हा कुणी शहाणा तक्रार करत नाही.