गव्हर्नरचं बळ आणि गव्हर्नरचं वजन

प्रश्न असा: अमेरिकी राज्यांच्या गव्हर्नरांच्या 'इन्स्टिट्यूशनल' आणि 'पर्सनल पॉवर्स' मोजतात, त्यांना 'राज्यपालांचे संस्थात्मक आणि वैयक्तिक अधिकार' म्हणावं का?

'राज्यपाल' नको. आपल्याकडचे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि ते बहुतेक कामं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं करतात. तिकडचा गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला आणि स्वतः कारभार हाकणारा असतो. 'गव्हर्नर' हाच शब्द ठेवावा.

'वैयक्तिक अधिकार' तर साफ चुकतं. मराठी वाचक त्याचा अर्थ नागरिकाचे हक्क असा घेईल. मोजायचं असतं ते निराळंच: विजयाचं मताधिक्य, आधीच्या पदांची चढती शिडी, पुढे पुन्हा उभं राहण्याची संधी आणि जनमत चाचणीतली पसंती. यासाठी मराठीत तयार शब्द आहे, 'वजन'. अधिकार पदाला असतो, वजन माणसाला. राज्यशास्त्रज्ञ थॅड बायल यांच्या मापनात 11 किंवा जास्त टक्क्यांच्या फरकानं जिंकलेल्याला मताधिक्याचे 5 गुण, तर निवडणूक न लढवता पदावर आलेल्याला 1.

पहिल्या गटाला, म्हणजे 'इन्स्टिट्यूशनल पॉवर्स'ना, मी 'पदाचं बळ' म्हणेन. राज्यशास्त्रज्ञ जोसेफ श्लेसिंजर यांनी 1960च्या दशकात सुरू केलेली ही मोजणी बायल यांनी वाढवली. त्यात सहा बाबी येतात: इतर स्वतंत्रपणे निवडलेले अधिकारी, मुदत, नेमणुका, अंदाजपत्रक, नकाराधिकार आणि विधिमंडळातलं पक्षीय बहुमत. प्रत्येकीला 5 पैकी गुण, मग बेरजेला 6नं भागायचं. बेरीज 21 आली तर 3.5. व्हर्जिनियात मुदत 4 वर्षांची, पण लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही, म्हणून मुदतीचे 3. न्यू हॅम्पशायरमध्ये मुदत 2 वर्षांचीच, कितीही वेळा उभं राहता येत असलं तरी 2.

'अधिकार' न म्हणता 'बळ' का? सहावी बाब कायद्यातून येत नाही. निवडणुकीत बहुमत गेलं की घटनेतला एक शब्दही न बदलता आकडा घसरतो.

'लाइन-आयटम व्हेटो'ला, म्हणजे खर्चाच्या विधेयकातली एखादीच बाब नाकारण्याच्या अधिकाराला, 'बाबवार नकाराधिकार' चांगला. तो 44 राज्यांत आहे. विस्कॉन्सिनपुरता मात्र 'अंशतः नकाराधिकार' लिहावं, कारण तिथे गव्हर्नर बाबीच्या आतले शब्द आणि आकडेही खोडू शकतो. 2023 मध्ये तिथले गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी '2024–25' मधला '20' आणि मधली रेघ खोडली, उरलं 2425. शाळांना जमवता येणाऱ्या महसुलाच्या मर्यादेत दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 325 डॉलरची वाढ त्यामुळे त्या सालापर्यंत लांबली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये ते ग्राह्य धरलं. गुणांच्या तक्त्यात ही ताकद एका आकड्यात दडून जाते, म्हणून तक्त्याखाली टीप हवीच.

एक सावधगिरी: 'वजन' माणसासाठी वापरलंत, तर सरासरीतल्या 'वेटेज'ला 'भार' म्हणा. सहाही बाबींना इथे समान भार आहे.