इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर घरात पडून आहे, त्यावर जुने पार्ट जमवून कॉम्प्युटर बांधावा का?

प्रोसेसर, बोर्ड (मदरबोर्ड) आणि रॅम तिन्ही हाताशी असतील तर जरूर बांधा. नुसता प्रोसेसर असेल तर त्याच्यासाठी पैसे घालू नका. आय५-४५७० सारख्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला एलजीए ११५० सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) बोर्ड आणि डीडीआर३ रॅम लागते. यातलं काहीच पुढच्या मशीनला चालत नाही. शिवाय विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकणार असाल तर ही अडचण उरत नाही.

जुनंच घ्यायचं तर निदान आठव्या पिढीचं घ्या, उदाहरणार्थ आय३-८१००. पण त्याला एच३१० सारखा ३०० मालिकेचाच बोर्ड हवा. एच११० या आधीच्या मालिकेच्या बोर्डमध्ये तो बसतो, पण मशीन सुरू होत नाही. इथे फार जण फसतात.

बोर्ड घेताना सॉकेटचं झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने तिरका उजेड पाडा. पिना सगळ्या एका ओळीत चमकल्या पाहिजेत. एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे, बोर्ड परत द्या. बोर्डवरच्या कपॅसिटरचं (छोट्या गोल डबीसारखा भाग) डोकं फुगलेलं असेल तरी नको.

एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) मात्र नवेच घ्या. जुना एसएमपीएस गेला तर सोबत बोर्डही नेऊ शकतो. जोडताना प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट नवी लावा, वाटाण्याएवढी पुरते. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.