नववीत जाणाऱ्या धाकट्याला

तुझी आठवी संपली, म्हणजे ही शेवटची खरी मोठी सुट्टी समज. पुढच्या वर्षी याच दिवसांत दहावीचे जादा तास सुरू झालेले असतील.

बाबा म्हणतील, आतापासून क्लास लाव. मी लावला होता. मे महिन्यात पंखा नसलेल्या खोलीत बीजगणित शिकलो आणि जूनमध्ये शाळेत तेच पुन्हा ऐकलं. त्यापेक्षा आजोळी जा, विहिरीत पोहायला शीक. फार तर रोज अर्धा तास आठवीची भूमिती काढून बस, कारण नववीपासून गणिताचे दोन वेगळे पेपर असतात, प्रत्येकी 40 गुणांचे, आणि भूमितीत रचना कच्ची राहिली की सगळं अडतं.

चित्रकलेची एलिमेंटरी झाली असेल तर यंदा इंटरमिजिएट सोडू नकोस. दहावीला अ श्रेणीचे 7, ब चे 5 आणि क चे 3 गुण वाढीव मिळतात. स्थिरचित्राचा सराव घरातल्या तांब्या-पेल्यावरही होतो.

आणि लेझीम पथकात नाव दे. लाजू नकोस. पंधरा ऑगस्टला मैदानावर चिखल असतो, पायात गोळे येतात, सर ओरडतात, पण शाळा आपली वाटते ती तिथे, वर्गात नाही (वर्गात फक्त बाक आपला वाटतो, तोही कर्कटकाने नाव कोरल्यावर. ते मात्र करू नकोस, मी पकडला गेलो होतो.)

माझी गाईडं माळ्यावर आहेत. जून उजाडेपर्यंत काढू नकोस.