क्लार्क की ऑफिसर? दोन नियुक्त्या हातात असताना

परभणीहून एका आईचं पत्र आलं आहे. तेवीस वर्षांच्या मुलीचं नाव दोन्ही याद्यांत लागलंय: एका सरकारी बँकेत क्लार्क, दुसरीत पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर. 'पोरगी मनमिळाऊ आहे, पण कुणाला नाही म्हणणं तिला जमत नाही. बँकेतल्या टेन्शनबद्दल इतकं ऐकतो, मग क्लार्कच बरं ना?' असं त्या विचारतात.

ताई, आधी मुलीचं मनापासून अभिनंदन.

क्लार्कची नोकरी निवांत असते, असं मात्र समजू नका. पेन्शनच्या दिवसांत काउंटर सोडून पाणी प्यायला उठता येत नाही. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर तूट बहुधा कॅशियरलाच भरावी लागते. पण कॅश जुळली की त्या दिवसाचं काम तिथेच संपतं. जास्त वेळ थांबवलं तर ओव्हरटाइमचा नियम आहे. ऑफिसरला तो नाही. आणखी एक, क्लार्क म्हणजे परभणीतच नेमणूक, हे गृहीत धरू नका. भरती राज्यवार असते, त्यामुळे गडचिरोलीही मिळू शकते आणि सिंधुदुर्गही. पीओची बदली तर देशभर कुठेही होते.

ऑफिसरचा खरा ताण सहीचा. कर्ज थकलं की शिफारस कुणी केली, जागेवर जाऊन पाहणी कुणी केली, याची चौकशी लागते. तोवर ती दुसऱ्या राज्यात गेलेली असली तरी खुलासा मागणारं पत्र तिथे पोचतं. पुढे शाखा व्यवस्थापक झाल्यावर ठेवी, वसुली, विमा पॉलिसी अशी सगळी टार्गेटं वरून येतात, शाखेत माणसं अपुरी असतात आणि समोर ओळख सांगणारा ग्राहक बसलेला असतो. माझ्या मते बँकेतली सगळ्यात अवघड खुर्ची हीच. 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, पण वसुलीसाठी किंवा कर्ज मेळाव्यासाठी ऑफिसरला त्याही दिवशी बोलावणं येतं.

म्हणूनच तुमचं 'नाही म्हणणं जमत नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. गावातला वजनदार माणूस अपुरी कागदपत्रं घेऊन आला, तर 'कागद पूर्ण झाल्याशिवाय सही होणार नाही' हे तिला शांतपणे म्हणावं लागेल. ते शिकता येतं. पीओला साधारण दोन वर्षांचा प्रोबेशनचा काळ असतो. त्यात अनुभवी ऑफिसरच्या हाताखाली कर्जाचं टेबल तिने मागून घ्यावं.

पण तिला स्वतःला काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिला ऑफिसर व्हायचं असेल तर भीतीपोटी अडवू नका. क्लार्कमधून ऑफिसर होता येतं, पण त्याला काही वर्षं जातात. आणि घराजवळ राहणं, ठरलेल्या वेळेत काम संपणं तिला मोलाचं वाटत असेल, तर क्लार्कची नोकरी तिने अभिमानाने घ्यावी. बढती नाकारून समाधानाने निवृत्त झालेले कितीतरी क्लार्क मला माहीत आहेत.

या आठवड्यात तिला एका कॅशियरला आणि दोन-तीन वर्षं झालेल्या एका पीओला भेटू द्या. मार्चमध्ये घरी किती वाजता जाता, शेवटची रजा कधी नामंजूर झाली, दबाव असूनही कोणतं कर्ज नाकारलंत, हे तिनेच विचारावं. तुम्ही सोबत जाऊ नका. शिवाय पीओच्या नियुक्तिपत्रात बाँडची अट असू शकते. मध्येच नोकरी सोडली तर किती रक्कम भरावी लागेल, हे रुजू होण्याआधी दोघींनी बसून नीट वाचा.