आधी कार्ड बंद करा, चौकशी मग

बँकेत असताना क्रेडिट कार्डावरच्या तक्रारींचं काम माझ्याकडे होतं. आता नागपुरातल्या ग्राहकांना तक्रारअर्ज लिहायला मदत करतो. ‘फसवणूक तीन दिवसांत कळवली की पैसे परत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना?’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं आणि नियम बहुतेकांना अर्धाच ठाऊक असतो. म्हणून काही पत्रांना एकत्र उत्तरं देतो.

बर्डीवरच्या गर्दीत खिशातल्या कार्डाला मशीन लावून कोणी पैसे काढेल का? (धरमपेठ)

पिनशिवाय टॅप करून एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच व्यवहार होतो. धास्ती वाटत असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये टॅपची सोय बंद करून टाका.

कार्डामागचा सीव्हीव्ही खोडला तर चालतं का? (प्रतापनगर)

चालतं. हा तीन आकडी क्रमांक आधी पाठ करा, आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका.

‘रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपणार’ असा शुक्रवारी आईला फोन आला. तिनं ओटीपी सांगितला आणि ४८,००० रुपये गेले. मेहुणे म्हणाले, तीन दिवसांत कळवलं की बँक सगळं परत करते, सोमवारी शाखेत जाऊ. रविवारी एका परदेशी संकेतस्थळावर आणखी ३१,००० गेले. आता बँक हात वर करते आहे. (सक्करदरा)

मेहुण्यांच्या सल्ल्यानं नुकसान वाढलं, हे स्पष्टच सांगतो. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक असं आहे: चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. चूक ना बँकेची ना तुमची, मधल्या कुणाची तरी असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही नाही. चार ते सात दिवस लावले तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० आणि त्याहून मोठ्या कार्डावर २५,००० रुपयांपर्यंत भार तुमच्यावर येतो. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तुमच्या बाबतीत सवलतीचे तीन दिवस नव्हतेच. बँकेला फोन लागला तो क्षणच हिशेबाचा. शुक्रवारी रात्री कार्ड बंद केलं असतं तर रविवारचे ३१,००० गेलेच नसते.

असा प्रकार होतो तेव्हा घरात बैठक बसते. आईला बोल लावले जातात, कुणी इंटरनेटवर बँकेचा नंबर शोधतो आणि दुसऱ्याच ठगाच्या हाती लागतो, कुणी म्हणतो ‘उद्या पाहू’. हे सगळं नंतर करा. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा किंवा अ‍ॅपमधून कार्ड बंद करा, तक्रार क्रमांक वेळेसकट लिहून ठेवा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर कळवा. रविवार असो की दिवाळी, कार्ड बंद करण्याची सोय चोवीस तास असते. पैसे पुढच्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये पडून असतील तोवरच ते अडवता येतात.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. तक्रारीत दोन्ही रकमा एकाच वाक्यात गुंडाळू नका. रविवारच्या व्यवहाराला आईंनी ओटीपी दिलेला नाही, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. मात्र फोनवर कार्ड नंबर आणि सीव्हीव्हीही सांगितला होता का, हे आईंना शांतपणे विचारा. बँक तेच विचारणार. बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. रिझर्व्ह बँकेच्या संविधान चौकातल्या इमारतीत खेटे घालावे लागत नाहीत आणि शुल्कही नाही. अर्ज पाठवण्याआधी जाणकार वकिलाला दाखवा.

मला ओटीपी आलाच नाही, तरी रात्री दोन वाजता डॉलरमध्ये रक्कम कापली गेली. कसं शक्य आहे? (इतवारी)

शक्य आहे. ओटीपीसारख्या दुसऱ्या पडताळणीची सक्ती आपल्याकडची; बऱ्याच परदेशी संकेतस्थळांवर कार्ड नंबर, मुदतीची तारीख आणि सीव्हीव्ही एवढ्यावर काम भागतं. २०२० पासून नवी कार्डं परदेशी वापर बंद ठेवूनच येतात, म्हणजे तो कधीतरी चालू केला गेला आहे. अ‍ॅपमध्ये बंद करा, कार्ड बदलून घ्या. तीन कामकाजाच्या दिवसांचा नियम तुमच्यासाठी आहे, तेव्हा आजच लेखी कळवा. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी आणि नव्वद दिवसांत निकाल लागायला हवा. तोवर बिल किती भरायचं, हे बँकेकडून लेखी घ्या.

वर्षाला दोन हजारांचा ‘कार्ड सुरक्षा प्लॅन’ रिझर्व्ह बँकेनं सक्तीचा केलाय, असं फोनवर सांगितलं. घ्यावा का? (सदर)

अशी कुठलीही सक्ती नाही. खोटं बोलून गळ्यात मारलेली वस्तू घेऊच नका. वरच्या परिपत्रकातलं संरक्षण फुकट आहे. ‘हो’ म्हणून बसला असाल तर पुढचं बिल ओळ न् ओळ तपासा. खरोखर विमाच हवा असेल, तर अटींत काय वगळलंय ते सल्लागाराकडून समजून घ्या.

भावकीच्या ग्रुपवर लग्नपत्रिका आली, उघडली तर काहीतरी इन्स्टॉल झालं. पैसे अजून गेले नाहीत. फोन पुसून टाकू का? (मानेवाडा)

लगेच नको. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते अ‍ॅप, आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली की तुमचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा. त्या मेसेजचा आणि फाइलच्या नावाचा फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, सायबर पोलिसांत तक्रार द्या आणि फोन पुसायचा की नाही हे त्यांनाच विचारा. पुरावा त्यातच आहे. ग्रुपवर सगळ्यांना कळवा, कारण ज्यांच्या नावानं पत्रिका आली, त्यांचा फोनही बहुधा दुसऱ्याच्या ताब्यात आहे.